श्रद्धा, सिद्धता आणि अक्षर : डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथकार्याचा एक अभ्यास

पूर्वपीठिका

विज्ञान आणि धर्म यांच्या परस्परसंबंधांची चर्चा सामान्यतः गॅलिलिओ आणि डार्विन या दोन नावांभोवती फिरते. खगोलशास्त्राने पृथ्वीला विश्वाच्या मध्यातून हलविले, जीवशास्त्राने मनुष्याला प्राणिसृष्टीत आणून बसविले आणि त्यामुळे धर्मश्रद्धेशी संघर्ष उभा राहिला, अशी ही परिचित मांडणी आहे. संगणकशास्त्राला या चर्चेत फारसे स्थान मिळालेले नाही. हे शास्त्र तरुण आहे, त्याचा विषय मानवनिर्मित यंत्र आहे, तेव्हा ईश्वराशी त्याचा काय संबंध, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः गणनयंत्राच्या कल्पनेबरोबरच ईश्वरविषयक युक्तिवादही जन्माला आला होता.

अर्ल ऑफ ब्रिजवॉटर यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये आठ प्रबंध प्रसिद्ध झाले. सृष्टीच्या रचनेतून ईश्वराचे सामर्थ्य, शहाणपण आणि चांगुलपणा दाखवून देणे हे त्यांचे प्रयोजन होते. त्यांपैकी विल्यम ह्यूएल यांच्या प्रबंधात असे सुचविलेले होते, की विश्वाच्या ईश्वरी कारभाराविषयी बोलण्याचा विशेष अधिकार गणितज्ञांना नाही. चार्ल्स बॅबेज यांना हे मानवले नाही. कोणी न सांगता त्यांनी १८३७ मध्ये ‘नववा ब्रिजवॉटर प्रबंध’ प्रसिद्ध केला. आपल्या भेदयंत्राचा १८३२ मध्ये जुळवलेला भाग ते लंडनमधील घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवीत असत. यंत्र एका नियमाने संख्या देत राही. पाहणाऱ्याला तोच नियम सनातन वाटू लागे. आणि मग अचानक वेगळ्याच नियमाची संख्या उमटे. हा बदल यंत्र बिघडल्यामुळे होत नसे. यंत्र मांडतानाच त्याची योजना करून ठेवलेली असे. चमत्कार हा निसर्गनियमाचा भंग नसून, आधीच योजलेल्या अधिक व्यापक नियमाचा आविष्कार असू शकतो, असे बॅबेज यांना त्यातून सुचवायचे होते.

युक्तिवाद चतुर होता, यात शंका नाही. मात्र त्यात यंत्राला ईश्वराचा साक्षीदार म्हणून उभे केलेले होते, आणि साक्षीदार एकदा उभा राहिला की त्याची उलटतपासणीही होते. विसाव्या शतकात संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये ज्यांची गणना होते, ते डोनाल्ड एर्विन कनूथ हे श्रद्धावान ख्रिस्ती. बॅबेज यांच्या मार्गाने जाण्याची साधने त्यांच्याजवळ बॅबेज यांच्याहून कितीतरी अधिक होती. तरीही ते त्या मार्गाने गेले नाहीत. त्यांनी दुसरे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मिल्वॉकीचे संस्कार

कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी या शहरी झाला. जर्मन स्थलांतरितांचे हे शहर लूथरपंथी मंडळींचे मोठे केंद्र होते. वडील लूथरन शाळेत हिशेबलेखन शिकवीत, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि जोडीला छपाईचा लहानसा व्यवसायही करीत. मुलाचे शिक्षण लूथरन शाळांतच झाले. ग्रंथ, वाद्य आणि छापील अक्षर या तीनही गोष्टी एकाच घरात आणि एकाच उपासनापरंपरेत त्याच्यासमोर आल्या. पुढील आयुष्यात त्यांनी यांपैकी एकही सोडली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे काही निर्णय विक्षिप्त वाटेनासे होतात.

शाळेतील एक प्रसंग चरित्रकारांच्या आवडीचा आहे. एका मिठाई कंपनीने आपल्या उत्पादनाच्या नावातील अक्षरांपासून जास्तीत जास्त शब्द बनविण्याची स्पर्धा ठेवली होती. परीक्षकांच्या यादीत सुमारे २,५०० शब्द होते. शाळकरी कनूथ यांनी सुमारे ४,५०० शोधून काढले. पद्धतशीरपणे, काहीही न गाळता, शेवटपर्यंत जाण्याची ही वृत्ती पुढे त्यांच्या ग्रंथलेखनातही दिसते. तिचे मूळ लूथरपंथी शिस्तीत शोधण्याचा मोह होतो. मार्टिन लूथर यांच्या शिकवणुकीत धर्मगुरूच्या कामाइतकेच मोच्याचे किंवा दासीचे कामही ईश्वराने नेमून दिलेले मानले आहे, आणि ते नीट करणे ही सेवा आहे. परंतु अशा कार्यकारणभावाबाबत सावध राहणे बरे. त्याच शाळांतून शिकलेले शेकडो विद्यार्थी कनूथ झाले नाहीत.

१९५६ मध्ये ते क्लीव्हलंडच्या केस तंत्रशिक्षण संस्थेत पदार्थविज्ञान शिकण्यासाठी दाखल झाले. तेथील आयबीएम ६५० या संगणकाने त्यांची दिशा बदलली. ते गणिताकडे वळले आणि १९६० मध्ये पदवीबरोबरच त्यांना पदव्युत्तर पदवीही देण्यात आली. कॅलिफोर्निया तंत्रशिक्षण संस्थेतून १९६३ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. त्याआधीच, १९६२ च्या जानेवारीत, ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेशी त्यांचा एका पुस्तकाचा करार झालेला होता. बारा प्रकरणांचे म्हणून योजलेले हे पुस्तक १९६५ पर्यंत हस्तलिखिताच्या ३,००० पृष्ठांवर पोहोचले आणि मग त्याची ग्रंथमाला करावी लागली. ‘संगणक-आज्ञावलीची कला’ असा अर्थ असलेल्या नावाने तिचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये निघाले. पहिल्या खंडाची अर्पणपत्रिका केसमधील त्या आयबीएम ६५० यंत्राला उद्देशून आहे. १९७४ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी ‘कला’ हा शब्द का निवडला, याचेच विवेचन केले.

सिद्धता आणि खात्री

या ग्रंथमालेत धर्मप्रचाराचा मागमूस नाही. श्रद्धेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. एखादे विधान सिद्ध होणे म्हणजे काय, ते सिद्ध न होताही त्यावर किती भिस्त ठेवता येते आणि या दोहोंतील अंतर किती, याची फार बारकाईने केलेली चर्चा तिच्यात आढळते.

दुसऱ्या खंडाच्या १९८१ च्या आवृत्तीतील एक उदाहरण पुरेसे आहे. मोठी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यासाठी एक यादृच्छिक कसोटी वापरली जाते. यदृच्छेने एक लहान संख्या घ्यायची आणि तिच्या साहाय्याने मोठ्या संख्येची परीक्षा करायची. मोठी संख्या संयुक्त असूनही या एका परीक्षेतून निसटण्याची शक्यता एक चतुर्थांशाहून अधिक नसते. अशा पंचवीस स्वतंत्र परीक्षा घेतल्या तर फसगतीची शक्यता एक चतुर्थांशाच्या पंचविसाव्या घाताइतकी, म्हणजे नगण्य होते. ही गणिती सिद्धता नव्हे. तथापि व्यवहारात संगणकाच्या एखाद्या घटकाने आयत्या वेळी चूक करण्याची शक्यता याहून जास्त असते, याकडे कनूथ लक्ष वेधतात. याच्या उलट बाजूचे त्यांचे एक वाक्य तर दंतकथेसारखे झाले आहे. १९७७ मध्ये एका सहकाऱ्याला पाठविलेल्या टिपणात त्यांनी बजावले होते, की या आज्ञावलीतील चुकांपासून जपावे. आपण तिची अचूकता केवळ सिद्ध केली आहे, ती चालवून पाहिलेली नाही.

सिद्धतेचे मोल आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता मांडण्याचा प्रयत्न केला नाही, याचे आश्चर्य वाटू नये. तो प्रश्न सिद्धतेने मिटलेला नाही, याचे त्यांना दुःख तर नाहीच, उलट समाधान आहे, असे त्यांच्या पुढील व्याख्यानांतून दिसते. मग श्रद्धावान संगणकशास्त्रज्ञाच्या हाती उरते काय? कनूथ यांच्यापुरते उत्तर असे, की अभ्यासाची रीत उरते.

एकोणसाठ वचने

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कनूथ आपल्या चर्चमधील प्रौढांच्या बायबल अभ्यासवर्गात गुंतलेले होते. बायबल हा विस्तीर्ण ग्रंथ आहे. सर्वसामान्य भाविक त्यातील आवडीची वचने पुनःपुन्हा वाचतो आणि उरलेला भाग अस्पर्श राहतो. मोठ्या समुच्चयाची थोडक्यात पण निःपक्षपाती ओळख करून घ्यायची असेल, तर संगणकशास्त्रात आणि संख्याशास्त्रात एक सरळ उपाय आहे. नमुने घ्यावेत, आणि ते निवडताना स्वतःच्या आवडीनिवडीला वाव ठेवू नये. मतचाचण्या याच तत्त्वावर चालतात. हाच उपाय कनूथ यांनी धर्मग्रंथाला लावला.

बायबलमधील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन घ्यायचे, असा नियम त्यांनी ठरविला. तिसऱ्या अध्यायात सोळा वचने नसतील तर मोजणी पुढच्या अध्यायात चालू ठेवायची. त्यामुळे योनाच्या पुस्तकातून चौथ्या अध्यायातील सहावे वचन येते, तर स्तोत्रसंहितेतील तिसरे स्तोत्र आठच वचनांचे असल्याने चौथ्या स्तोत्राचे आठवे वचन येते. प्रॉटेस्टंट परंपरेतील ६६ पुस्तकांपैकी सात पुस्तके या मोजणीला पुरत नाहीत. ओबद्या, हाग्गय, तीताला पत्र, फिलेमोनाला पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र आणि यहूदाचे पत्र ही ती सात होत. उरली एकोणसाठ.

३:१६ हेच क्रमांक का, याचे उत्तर ख्रिस्ती वाचकाला सांगावे लागत नाही. योहानकृत शुभवर्तमानातील ३:१६ हे नव्या करारातील बहुधा सर्वाधिक परिचित वचन आहे. निदान एक वचन तरी उत्तम असावे म्हणून हा क्रमांक घेतला, हे कनूथ यांनी लपविलेले नाही. संख्याशास्त्राच्या कडक नजरेने पाहता हा नमुना एका ठिकाणी ठरवून घेतलेला आहे. उरलेल्या अठ्ठावन्न ठिकाणी मात्र निवडणाऱ्याचा हात चाललेला नाही. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. प्रत्येक पुस्तकातून एकच वचन घेतल्यामुळे दीडशे स्तोत्रांच्या संहितेला आणि अवघ्या तीन अध्यायांच्या नहूमाला सारखेच वजन मिळते. स्तरित नमुन्याच्या पद्धतीत असे करण्यास मुभा असते, परंतु त्यातून हाती येणारे चित्र ग्रंथाच्या सर्व कोपऱ्यांचे असते, त्याच्या गाभ्याचे असेलच असे नाही.

या निवडीत मुद्रणेतिहासाचाही एक धागा गुंतलेला आहे. बायबलचे अध्याय आणि वचनांक मूळ लेखकांनी दिलेले नाहीत. आजच्या अध्यायविभागणीचे श्रेय तेराव्या शतकाच्या आरंभीच्या स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. नव्या करारातील प्रचलित वचनांक १५५१ मध्ये रॉबेर एस्त्येन या मुद्रकाने आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. म्हणजे ‘तिसऱ्या अध्यायातील सोळावे’ हा पत्ता मजकुराच्या आशयातून उगवलेला नाही. विभागणी करणाऱ्यांच्या आणि मुद्रकांच्या सोयीतून तो आलेला आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तो नमुन्यासाठी योग्य ठरतो.

यदृच्छेने वचन निवडण्याची प्रथा ख्रिस्ती जगतात जुनी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळी चिठ्ठ्या टाकून वर्षातील प्रत्येक दिवसासाठी वचन काढतात आणि १७३१ पासून त्यांचा संग्रह दरवर्षी छापला जात आला आहे. तेथे निघालेले वचन हा त्या दिवसाचा संदेश असतो. आपल्याकडील शब्द वापरायचा तर तो कौल असतो. कनूथ यांच्या निवडीत कौलाची भावना नाही. निघालेल्या वचनाने आपल्याला काही सांगावे, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. ते वचन इतरांनी कसे वाचले आणि त्यातील शब्द कोठून आले, हे आपण शोधावे, एवढेच त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतले.

हे बंधन हलके नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनमध्ये घालविलेल्या अभ्यासरजेत त्यांनी तेथील धर्मशास्त्रीय ग्रंथालयांत या वचनांवरील भाष्ये वाचली. हिब्रू आणि ग्रीकचे ते पंडित नव्हते. तरी शब्दसूची आणि कोश हाताशी धरून, अनेक भाषांतरे ताडून पाहून त्यांनी प्रत्येक वचनाचे स्वतःचे इंग्रजी भाषांतर केले. मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होईल. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. दोन्ही कामांच्या आवाक्याची तुलना होऊच शकत नाही. परंतु भाषांतर ही वाचनाचीच सर्वांत कसून केलेली रीत आहे, हे दोन्हींकडे दिसते. कनूथ यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक वचनाला चार पृष्ठे आहेत : एकावर त्या पुस्तकाचा परिचय, समोर वचनाचे सुलेखन आणि पुढील दोन पृष्ठांवर भाष्य.

याच सुमारास संगणक आणि बायबल यांची एक निराळी जोडी गाजत होती. डोरॉन विट्झ्टुम, एलियाहू रिप्स आणि योआव रोझेनबर्ग यांनी १९९४ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उत्पत्तीच्या हिब्रू संहितेतील अक्षरे ठराविक अंतर सोडून वाचली असता, कित्येक शतकांनंतर झालेल्या रब्बींची नावे आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी एकमेकांजवळ आढळतात, असा त्यांचा दावा होता. १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निन यांच्या पुस्तकाने हा दावा घराघरांत नेला. १९९९ मध्ये ब्रेंडन मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात त्याचे खंडन केले. नावांच्या अनेक पर्यायी रूपांतून कोणती घ्यायची याची मोकळीक असेल, तर ‘युद्ध आणि शांती’च्या हिब्रू भाषांतरातही असेच नवल दाखविता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

ही दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. एकीकडे धर्मग्रंथाची थोरवी सिद्ध करण्यासाठी संगणक राबविला गेला आणि निवडीची मोकळीक हेच त्या सिद्धतेचे मर्मस्थान ठरले. दुसरीकडे एका श्रद्धावान संगणकशास्त्रज्ञाने आधी स्वतःची निवडीची मोकळीक काढून घेतली आणि मग जे हाती आले ते वाचले. बायबलच्या बाजूने काहीही सिद्ध करण्याचा दावा त्याने केला नाही. आपापल्या धर्मग्रंथांत आधुनिक विज्ञान शोधणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही. त्यांनी या दोन उदाहरणांतील फरक पाहण्यासारखा आहे.

कनूथ यांच्या ग्रंथांतील चूक दाखविणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठविण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध होती. षोडशमान पद्धतीत १०० या अंकांनी लिहिली जाणारी संख्या म्हणजे २५६, असा त्यातील विनोद. बायबलविषयक पुस्तकातील चुकीला ३ डॉलर १६ सेंट असा दर होता. २००८ मध्ये त्यांनी खरे धनादेश पाठविणे थांबविले आणि त्याऐवजी एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. धर्मग्रंथावरील आपले भाष्यही संगणकशास्त्रातील ग्रंथाप्रमाणेच चुकू शकते आणि दुरुस्त होऊ शकते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

अक्षरसाधना

१९७७ मध्ये ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते कनूथ यांच्या हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जुळणी मागे पडून प्रकाशजुळणी आली होती आणि नव्या पानांवरील गणिती मजकूर पहिल्या आवृत्तीच्या तुलनेत बेढब दिसत होता. ते पाहून कनूथ यांनी चालू लेखन बाजूला ठेवले आणि जुळणीची स्वतःची प्रणाली तयार करण्यास घेतले. वर्षभरात आटोपेल असे वाटलेले हे काम सुमारे दशकभर चालले. त्यातून ‘टेक’ ही जुळणीची आणि ‘मेटाफाँट’ ही अक्षररचनेची प्रणाली निर्माण झाली. दोन्ही त्यांनी सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. गणिताचे जगभरचे लेखन त्यानंतर मोठ्या प्रमाणावर टेकच्या कुळातील प्रणालींनी जुळविले जाऊ लागले. मेटाफाँटच्या आधारे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे फ्रान्स वेल्टहुइस यांनी देवनागरी अक्षरेही घडविली आणि अनेक वर्षे टेकमधून मराठी-संस्कृत मजकूर छापण्याची ती एक प्रमुख सोय होती.

हे काम धार्मिक नव्हते. तथापि जर्मन अक्षरकार हेर्मान झाप्फ यांच्याशी कनूथ यांचा परिचय झाला तो याच कामातून; अमेरिकन गणित संस्थेसाठीचा ‘ऑयलर’ हा टंक दोघांच्या सहकार्याने सिद्ध झाला. पुढे एकोणसाठ वचनांसाठी जगभरातील नामवंत सुलेखनकारांना निमंत्रित करण्यात झाप्फ यांचा मोठा वाटा होता आणि योहान ३:१६ चे सुलेखन त्यांनी स्वतः केले. अक्षराच्या वळणाला गणिती समीकरणात बसविणाऱ्या माणसाने आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या पुस्तकातील वचने मात्र मानवी हातांनी लिहवून घेतली, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. मेटाफाँट त्यांनी घडविली तीच मुळी अक्षराविषयीच्या आदरातून. त्यांच्या पत्नी जिल यांनीही चर्चमध्ये लावावयाच्या, शब्दांविना केवळ आकृतींतून बोलणाऱ्या कापडी पताकांवर १९८६ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. सौंदर्य हा या घरात उपासनेचा भाग होता.

केंब्रिजमधील सहा व्याख्याने

१९९९ च्या शरदऋतूत मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत ‘ईश्वर आणि संगणक’ या उपक्रमात कनूथ यांनी सहा सार्वजनिक व्याख्याने दिली. संगणकशास्त्रज्ञ ज्यांविषयी क्वचितच बोलतो अशा गोष्टी, या अर्थाच्या शीर्षकाने ती २००१ मध्ये ग्रंथरूपात आली. आपण धर्मशास्त्राचे अधिकारी नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. सहांपैकी बहुतेक व्याख्याने ३:१६ च्या अनुभवाभोवती आहेत : यादृच्छिकता, भाषांतर, सौंदर्य आणि त्या अभ्यासातून आपल्याला काय गवसले हे. संगणकशास्त्राचा ईश्वरविषयक विचाराशी थेट संबंध केवळ शेवटच्या व्याख्यानात येतो.

त्यातील एक मुद्दा विशेष विचार करण्याजोगा आहे. ईश्वर अनंत आहे, असे सहज म्हटले जाते. परंतु सान्त संख्या किती मोठ्या असू शकतात, याची आपल्याला कल्पना तरी आहे काय? १९७६ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकातील लेखात कनूथ यांनी बाणांची एक चिन्हपद्धती मांडली होती. एक बाण म्हणजे घात. दोन बाण म्हणजे घातांची चळत : १०, त्याच्या शिरावर १०, त्याच्याही शिरावर १०. अशा तीनच दहांच्या चळतीने जी संख्या होते ती लिहायची तर एकावर दहा अब्ज शून्ये द्यावी लागतात. तीन बाण घेतले की चळतीची उंचीच चळतींनी मोजावी लागते. चार बाणांनी १० आणि ३ जोडून होणारी संख्या त्यांनी लेखात वाचकासमोर ठेवली. दृश्य विश्वातील सर्व कण मोजले तरी ती संख्या तिच्या पायरीशीही पोहोचत नाही, आणि तरीही ती सान्त आहे. तिच्यापुढे आणखी असंख्य संख्या आहेत. ईश्वराचे सामर्थ्य एवढ्याच मर्यादेचे असले तरी आपली काही तक्रार नाही, असा कनूथ यांच्या विवेचनाचा आशय होता.

परंपरानिष्ठ धर्मशास्त्रज्ञाला हे विधान मानवेल असे नाही. ईश्वराच्या अनंतत्वाचा अर्थ मोठी संख्या असा नसून सर्व मर्यादांचा अभाव असा आहे, असे तो म्हणेल आणि ते बरोबरही आहे. कनूथ यांच्या बोलण्याचा रोख मात्र वेगळा होता. ‘अनंत’ हा शब्द आपण अज्ञान झाकण्यासाठी वापरतो. ज्यांची आपल्याला धड कल्पनाही करता येत नाही अशा सान्त गोष्टींनी भोवताल भरलेला असताना, ईश्वराविषयी ठामपणे हे आहे किंवा ते नाही असे बोलण्याची घाई कशासाठी, असे त्यांना विचारायचे होते. ही गणितज्ञाची नम्रता आहे; तिला धर्मशास्त्रीय सिद्धान्त समजण्याची चूक करू नये.

आपली श्रद्धा उघडपणे मानणारे कनूथ हे या क्षेत्रातील एकटे नव्हेत. आयबीएमच्या सिस्टिम/३६० प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) हेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी निर्मितिप्रक्रियेचे कल्पना, घडण आणि संवाद हे तीन टप्पे डोरोथी सेयर्स यांच्या ईश्वरी निर्मितीविषयीच्या ग्रंथातून घेतले आहेत. ब्रुक्स यांनी धर्मविचारातून व्यवसायाकडे एक कल्पना आणली. कनूथ यांचा प्रवास बहुतांशी उलट दिशेचा आहे. व्यवसायातील साधन त्यांनी धर्मग्रंथाकडे नेले.

दीर्घ ग्रंथ आणि धर्मपर पद्ये

१९९० च्या पहिल्या दिवसापासून कनूथ यांनी विद्युत्-टपाल वापरणे सोडले आणि १९९३ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त झाले. अपुरी ग्रंथमाला पूर्ण करणे, हा त्यामागील हेतू होता. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २००६ मध्ये निघालेल्या एका पुस्तिकेत रचना आणि क्रमबदल यांच्या गणनेचा इतिहास आला आहे. मराठी वाचकाने तो आवर्जून पाहावा. छंदशास्त्रातील लघुगुरूंचे प्रस्तार, नारायण पंडितांची १३५६ मधील ‘गणितकौमुदी’ आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ यांना त्यात मानाचे स्थान आहे. स्वरांचे सर्व क्रम मांडण्याची आणि क्रमावरून त्याचा अनुक्रमांक काढण्याची शार्ङ्गदेवाची रीत येथे संगणकशास्त्राच्या पूर्वेतिहासात येऊन बसते.

याच इतिहासात ईश्वराच्या गुणांची मांडणी चक्रांच्या साहाय्याने करणारे रामोन लुल भेटतात, आणि जेझुइट कवी बेर्नार्ट बाउहाउस यांची मेरीची स्तुती करणारी एक लॅटिन ओळही भेटते. तिच्यातील शब्दांचा क्रम बदलत गेले तरी अर्थ आणि वृत्त टिकून राहते. एरिसिउस पुटेआनुस यांनी १६१७ मध्ये अशा १,०२२ ओळी छापल्या, कारण टॉलेमीच्या यादीत तारे तितकेच होते. वृत्तात बसणारे एकूण क्रम ३,३१२ आहेत, असे पुढे याकोब बेर्नुली यांनी मोजून दाखविले. कनूथ हा प्रसंग सांगतात तो गणिताचा प्रसंग म्हणून. भक्त कवी, भाविक विद्वान आणि काटेकोर गणिती यांना एका परिच्छेदात आणताना ते कोणाची थट्टा करीत नाहीत आणि कोणाची तरफदारीही करीत नाहीत. शार्ङ्गदेवाला आणि लुलला ते एकच माप लावतात.

वडिलांचे वाद्यही त्यांनी सोडले नव्हते. त्यांच्या राहत्या घरी ८१२ नळ्यांचा पाइप ऑर्गन बसविलेला आहे. प्रकटीकरण या बायबलच्या अखेरच्या पुस्तकावर ऑर्गनसाठी एक दीर्घ रचना करण्याचा संकल्प त्यांच्या मनात अनेक वर्षे होता. त्या पुस्तकाच्या बावीस अध्यायांचा ग्रीक मजकूर काही नियमांनी सुरांत उतरवून त्यांनी ‘फँटासिया अपोकॅलिप्टिका’ ही रचना सिद्ध केली. १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, उत्तर स्वीडनमधील पिटिओ येथे यान ओव्हरडाइन यांनी ती प्रथम वाजविली.